किंग्ज ॲबटचा डॉक्टर आणि आईने लावलेला निकाल (सावधान: खुनी कोण ते आत उघड आहे)

माजघर | शनिवार, सकाळी ११:१०

पाटी आधीच लावते. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ज्यांनी वाचलेली नाही आणि वाचायची इच्छा आहे, त्यांनी इथूनच मागे फिरा. पुढे खुन्याचं नाव येणार आहे, तेही लगेच. पुस्तक १९२६चं. शंभर वर्षांत कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असेल, पण ते पाप माझ्या माथी नको.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायचं नाही म्हटल्यावर ती घरात पिंजऱ्यातल्या पोपटासारखी येरझारा घालायला लागली. मालिका तिला सोसत नाहीत. मग रोज दुपारी चहा झाला की मी हे पुस्तक घेऊन बसायचे. डोळ्यांनी इंग्रजी, तोंडाने मराठी. त्यामुळे रॉजर ॲक्रॉइडचा 'अकरावा' झाला, आणि ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉइरो निवृत्त होऊन ज्या व्हेजिटेबल मॅरो पिकवतो त्यांचे मी सरळ दुधी करून टाकले. चिडलेला पॉइरो कुंपणावरून एक दुधी भिरकावतो आणि तो शेजारच्या डॉक्टरला लागता लागता राहतो, त्या जागी आईने मला दोनदा थांबवलं. "अख्खा दुधी? वेलावरचा? वेडाच आहे."

आता मुद्दा. खुनी डॉक्टर शेपर्ड आहे, म्हणजे जो आपल्याला गोष्ट सांगतो तोच. मला हे कॉलेजात शेवटच्या दोन प्रकरणांत कळलं होतं आणि मी पुस्तक भिंतीवर आपटायचं बाकी ठेवलं होतं. आईने चौथ्या प्रकरणात सांगितलं. खून अजून झालासुद्धा नव्हता!

प्रसंग असा. किंग्ज ॲबट नावाच्या छोट्या गावात मिसेस फेरर्स नावाच्या विधवेने आदल्या रात्री झोपेचं औषध जास्त घेऊन जीव दिलाय. वर्षभरापूर्वी तिने नवऱ्याला विष घातलं होतं, आणि हे ज्याला ठाऊक होतं तो तेव्हापासून तिच्याकडून पैसे उकळत होता. मरताना तिने ॲक्रॉइडला पत्र टाकलंय, त्यात त्या माणसाचं नाव आहे. पत्र येतं तेव्हा डॉक्टर समोरच बसलाय. ॲक्रॉइड म्हणतो, मी हे मागाहून एकटा वाचीन. डॉक्टर म्हणतो, आत्ताच वाचा.

आई म्हणाली, "हाच तो."

मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "गावचा डॉक्टर कधी विचारत नाही गं. लोक आपणहून सांगतात त्याला. हा विचारतोय म्हणजे ह्याचंच काहीतरी अडकलंय त्या कागदात."

आई खेडची. तिचे काका तिथे डॉक्टर होते. लाल औषधाची बाटली, तिला कातरलेल्या कागदाची पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस, तो काळ. काका कुणाच्याही माजघरापर्यंत चपला काढून थेट जायचे. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाचा मुलगा मुंबईहून कुठलं दुखणं घेऊन आला, सगळं गाव त्यांच्या पोटात. काकूलासुद्धा पत्ता लागत नसे.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की या पुस्तकाची करामत आपण चुकीच्या जागी शोधतो. सगळे म्हणतात 'निवेदकच खुनी, काय कल्पना!' पण हा निवेदक वकील असता, मास्तर असता, तर जमलं असतं का? मिस्टर फेरर्सच्या मृत्यूचा दाखला यानेच दिला, म्हणून गुपित याच्या हाती. रात्री जेवायला बोलावणं याला. हातातल्या काळ्या बॅगेत काय आहे हे कुणी विचारणार नाही. प्रेत सापडल्यावर सगळे बाजूला सरून वाट कुणाला देतात? यालाच. आणि मरून किती वेळ झाला हे पोलिसांना सांगणाराही हाच! छोट्या गावात एवढी मोकळीक दुसऱ्या कुणाला नसते. भटजींनाही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ | शनिवार, सकाळी ११:३२

पाटी वाचली, मागे फिरले, चार पावलं गेले आणि परत आले. आता कपाटातलं ते पुस्तक कुणाला तरी वाढदिवसाला द्यावं लागणार. 😑

आईंना दंडवत मात्र.

पाटीवरचा खडू | शनिवार, दुपारी १२:०५

धागा झकास, पण माझं जुनं दुखणं उकरून काढलंत. मला ही कादंबरी सरळसरळ फसवणूक वाटते. मी एकटाच नाही असं म्हणणारा, पुस्तक आलं तेव्हाही बोंब झालीच होती. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने (स्वतः रहस्यकथा लिहायचा) १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की गुप्तहेराच्या बावळट मित्राने आपल्या मनात आलेला विचार वाचकापासून लपवायचा नाही. हा डॉक्टर काय करतो? खून करून येतो आणि आपल्याला सांगतो की घरी गेलो. बुद्धिबळात समोरच्याने टेबलाखाली एक वजीर ठेवायचा आणि वर म्हणायचं, 'तुम्ही वाकून बघितलं नाहीत!'

अगाथाबाईंचं बाकी सगळं मान्य. हे एक नाही.

माजघर | शनिवार, दुपारी १२:४०

खडू, वजीर टेबलावरच होता हो. पुस्तक जवळ असेल तर चौथ्या प्रकरणाचा शेवट काढा.

पत्र आलं नऊला वीस कमी असताना. डॉक्टर निघाला नऊला दहा कमी असताना, आणि म्हणतो की पत्र तेव्हाही न वाचलेलंच होतं. दारात मुठीवर हात ठेवून तो क्षणभर घुटमळतो, काही करायचं राहिलं का म्हणून मागे वळून बघतो. मग बाहेर पडतो. फाटकापाशी येतो तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊ वाजतात.

घर ते फाटक अंतर पाच मिनिटांचं. पॉइरो पुढे नेमकं हेच पकडतो. वरची पाच मिनिटं गेली कुठे? आणि पत्र आल्यापासून तो निघेपर्यंतची ती दहा मिनिटं? त्याबद्दल डॉक्टर अवाक्षर बोलत नाही. खोटं एकही वाक्य नाही. एका वाक्यानंतर पूर्णविराम दिलाय आणि खून त्या पूर्णविरामात झालाय.

मी आईला हे परत वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "काही राहिलं का म्हणून मागे बघणं हे आपण गॅस बंद केलाय का बघतो तसं आहे." त्यानंतर मला ते वाक्य निवांत वाचता येत नाही.

औषधी | शनिवार, दुपारी १:१५

थोडं धंद्याचं बोलतो. मी फार्मसीतला.

मिसेस फेरर्स ज्याने मरते ते व्हेरोनाल म्हणजे बार्बिटाल. बार्बिट्युरेट गटातलं बाजारात आलेलं पहिलं झोपेचं औषध, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. या गटाची खोड अशी की सवय लागते, मग तेवढ्या मात्रेला झोप येईना, म्हणून माणूस मात्रा वाढवतो, आणि झोपेची मात्रा व जीव घेणारी मात्रा यांच्यातली फट बारीक होत जाते. म्हणून 'चुकून जास्त घेतलं' आणि 'मुद्दाम घेतलं' यांत फरक करणं त्या काळच्या डॉक्टरला खरोखर कठीण. कादंबरीत हा धूसरपणा पहिल्याच प्रकरणात आहे, आणि शेवटी डॉक्टर स्वतःही तेच औषध निवडतो. लोकांनी 'चुकून' म्हणावं ही सोय त्याच्या पक्की ध्यानात आहे.

बाईंना हे पुस्तकं चाळून कळलेलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी शुश्रूषेला आणि मग औषधखान्यात होत्या, त्याची परीक्षाही दिली. पुड्या बांधलेल्या हाताने लिहिलंय.

अवांतर: कातरलेल्या पट्टीच्या बाटल्या आमच्या आजोबांच्या दुकानात मी पाहिल्यात. पट्टीला खळ लावायचं काम माझं.

कोपऱ्यातला दिवा | शनिवार, दुपारी ३:२०

सगळे डॉक्टरवर तुटून पडलेत. कॅरोलाइनबद्दल कुणीच कसं बोलत नाही? माझ्या मते नायिका तीच.

न वाचलेल्यांसाठी (तुम्ही अजून इथे आहातच, मला माहीत आहे): कॅरोलाइन ही डॉक्टरची थोरली अविवाहित बहीण. दोघं एका घरात राहतात. घराबाहेर फारशी पडत नाही, पण बातमी गावात पोचायच्या आधी हिच्याकडे पोचलेली असते. दूधवाला, मोलकरणी, दुकानदार हे तिचे हेर. डॉक्टर तिची तुलना मुंगसाशी करतो.

आणि गंमत बघा, तिचं जवळजवळ सगळं खरं निघतं! फेरर्स मेला तेव्हाच ती म्हणाली होती की बायकोने विष घातलं. डॉक्टर तिला उडवून लावतो. जठराचा दाह, त्यात दारू, असं त्याचं ठाम मत. तिथे मी पहिल्या वाचनात डॉक्टरच्या बाजूने होतो. शिकलेला माणूस आणि एक चोंबडी बाई, कुणावर विश्वास ठेवाल? ख्रिस्तीने आपल्या याच खोडीवर डाव लावलाय.

दुसरी जागा माहजाँगची, म्हणजे फरश्यांच्या चिनी खेळाची. त्या काळी इंग्लंडात माहजाँगचं वेड होतं. डॉक्टरच्या घरी चौघं खेळायला बसतात: कॅरोलाइन, डॉक्टर, एक कर्नल आणि मिस गॅनेट. खेळ कसला, चकाट्याच. फरश्या सरकवता सरकवता प्रत्येकजण खुनाबद्दल एकेक माहिती टाकतो आणि बदल्यात एकेक उचलतो. पुढे डॉक्टरला हात लागतो तो असा की एकही फरशी न बदलता डाव पूर्ण. आयुष्यात एखाद्याला लागेल असा. आणि त्या नशेत, बहिणीने डिवचल्यावर, तळ्यात सापडलेल्या लग्नाच्या अंगठीची बातमी त्याच्या तोंडून निसटते. सबंध पुस्तकात हा माणूस एकदाच तोल घालवतो, आणि तो पोलिसांसमोर जात नाही, गावगप्पांनी भरलेल्या दिवाणखान्यात जातो.

खेडची काकू आणि ही कॅरोलाइन, दोघींचं जमलं असतं.

खिडकीतली | शनिवार, दुपारी ४:०२

दिवा, 'चोंबडी बाई' हा शब्द जपून. 😄 पुरुषांनी पारावर बसून केली की चर्चा, आणि आम्ही केली की चोंबडेपणा.

बाकी कॅरोलाइनबद्दल अनुमोदन. ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहिलंय की कॅरोलाइन रंगवताना जी मजा आली, त्यातूनच बहुधा मिस मार्पल, त्यांची दुसरी गुप्तहेर, आली. या कादंबरीवरून १९२८ साली 'ॲलिबाय' नावाचं नाटक आलं, त्यात चार्ल्स लॉटन पॉइरो झाला होता. नाटकवाल्यांनी काय करावं? कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक तरुण, देखणी मुलगी आणली. बाईंना ते फार लागलं. मला तर वाचतानाच संताप आला. गावातल्या प्रौढ बाईचं डोकं रंगमंचावर चालत नाही, कंबर चालते.

डेव्हनकर | शनिवार, सायंकाळी ६:४५ (इंग्लंडातून)

टॉर्कीचं नाव निघालं म्हणून आलो. आम्ही डेव्हनमध्ये एका खेड्यात राहतो, टॉर्कीपासून तासाभरावर. किंग्ज ॲबट हे गाव नकाशावर मिळत नाही, काल्पनिक आहे. पण इथे चार वर्षं राहिल्यावर त्याची रचना ओळखीची वाटते. चर्च, एक पब, एक दुकान, दोन मोठी घरं आणि बाकीचे आपण. कादंबरीतही मोठी घरं दोनच: फेरर्स बाईंचं आणि ॲक्रॉइडचं फर्नली पार्क. सगळ्या गावाची नजर त्या दोन दिवाणखान्यांवर.

पहिल्या आठवड्यात दुकानातल्या आजींनी मला विचारलं, "तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत दिवा का जाळता?" भारतातल्या ऑफिसशी कॉल असतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पबमधल्या अनोळखी माणसाने मला 'कॉल' कसा झाला विचारलं. बायको म्हणाली, वाई सोडून आलो म्हणून काही फरक पडला नाही.

थंडीत इथे संध्याकाळी साडेचारला काळोख होतो. मग लोक वाचतात ते असलंच.

अर्धवट वाचक | शनिवार, रात्री ८:१०

नवीन आहे, चूक झाली तर सांभाळून घ्या. मला एक शंका आहे. साडेनऊला लोकांनी ॲक्रॉइडला खोलीत बोलताना ऐकलं, पावणेदहाला त्याच्या पुतणीने त्याला जिवंत पाहिलं. मग नऊच्या आधी खून कसा? हे मला वाचूनही कळलं नाही. आणि मराठीत मिळेल का काही?

माजघर | शनिवार, रात्री ८:५०

सांभाळून कसलं, चांगली शंका आहे. ख्रिस्तीने इथे दोन वेगळ्या गाठी एकावर एक मारल्यात.

साडेनऊचा आवाज डिक्टाफोनचा, म्हणजे बोललेलं टिपून परत ऐकवणाऱ्या यंत्राचा. ॲक्रॉइडने ते यंत्र घेतलं होतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला यंत्रांची हौस, घरी त्याची छोटी कार्यशाळाच आहे. त्याने गजराच्या घड्याळासारखी जोडणी करून यंत्र ठरल्या वेळी बोलतं केलं. दाराबाहेरच्या लोकांना वाटलं मालक कुणाशी तरी बोलतायत. खरं तर ती भाषा बोलण्याची नव्हतीच, पत्र सांगून लिहून घेताना वापरतो तशी होती. पॉइरोला ते खटकतं, बाकीच्यांना खटकत नाही.

पावणेदहाची गोष्ट वेगळीच. पुतणी फ्लोरा खोटं बोलतेय. काकाच्या बेडरूममधून तिने ४० पौंड उचलले होते, जिन्यावर बटलर दिसला म्हणून तिने अभ्यासिकेच्या दारातून येत असल्याचं सोंग केलं. तिचा खुनाशी काडीचा संबंध नाही. पण तिच्या त्या चोरीमुळे खुन्याला आयता पाऊण तास मिळाला.

म्हणजे बघा, त्या घरात प्रत्येकाने आपापली लहानशी लाज लपवलीय. मोलकरीण उर्सुला लपवतेय की तिचं ॲक्रॉइडच्या सावत्र मुलाशी, राल्फशी, गुपचूप लग्न झालंय. घर सांभाळणाऱ्या मिस रसेलचा एक मुलगा आहे, तो लपवलाय. या सगळ्या झाकपाकीच्या गर्दीत एक खून सहज लपतो.

यंत्र परत न्यायचं होतं म्हणून प्रेत सापडताना डॉक्टर तिथे हवा. त्यासाठी त्याने एका पेशंटला स्टेशनवरून सव्वादहाला आपल्या घरी फोन करायला लावला. मग बॅग उचलून धावला, बटलरला पोलिसांना फोन करायला पिटाळलं आणि त्या दोन मिनिटांत यंत्र बॅगेत, यंत्र झाकायला पुढे ओढलेली खुर्ची परत भिंतीशी. आता कळलं 'डॉक्टरची बॅग' मी वर का म्हटलं?

मराठीत प्रा. मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या बऱ्याच कादंबऱ्या आणल्या. हो, नाटकवाले तोरडमलच. ग्रंथालयात विचारा.

पाटीवरचा खडू | शनिवार, रात्री ९:३०

चौथं प्रकरण काढून पुन्हा वाचलं. अर्धा माघार घेतो. पूर्णविरामाचा मुद्दा बिनतोड आहे.

पण अर्धाच. खुनाचा संशय असलेल्या राल्फला शोधायला सगळं गाव निघालंय आणि डॉक्टरने त्याला दुसऱ्या गावच्या शुश्रूषागृहात दडवून ठेवलंय, हे तो आपल्याला कितीतरी प्रकरणं सांगत नाही. लिहिण्याच्या बाबतीत 'गाळलं, खोटं बोललो नाही' हे ठीक. पण माझ्या मित्राने माझ्याशी असं केलं तर मी त्याला खोटारडाच म्हणेन.

ही कल्पनासुद्धा बाईंची एकटीची नाही बरं. वॉटसनच, म्हणजे गुप्तहेराचा मित्रच, गुन्हेगार निघाला तर, असं त्यांचे बहिणीकडचे मेव्हणे बोलले होते. शिवाय लॉर्ड माउंटबॅटनने त्यांना तसं पत्र लिहून सुचवलं होतं. होय, आपले शेवटचे व्हाइसरॉय.

तिखटमीठ | शनिवार, रात्री ९:४१

माउंटबॅटनने फाळणीशिवाय हेही केलं??

औषधी | शनिवार, रात्री ९:५५

पुस्तक आलं त्याच वर्षी डिसेंबरात बाई स्वतः ११ दिवस बेपत्ता झाल्या आणि हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावाने सापडल्या, तेही...

खिडकीतली | शनिवार, रात्री ९:५८

औषधी, नको! प्रत्येक ख्रिस्तीच्या धाग्यावर हॅरोगेट येतं. आई गेलेली, नवरा दुसरीच्या नादी लागलेला, बाई अकरा दिवस कुठेतरी निघून गेली. मी असते तर बावीस दिवस गेले असते. वेगळा धागा काढा.

कोपऱ्यातला दिवा | रविवार, सकाळी ७:३०

झोपताना एक जागा आठवली आणि सकाळपर्यंत धीर धरला. माजघरच्या 'छोट्या गावचा डॉक्टर' या मुद्द्याला जोडून.

मधल्या एका प्रकरणात राल्फच्या स्वभावावरून बोलणं चाललेलं असतं. कॅरोलाइन भावाला सरळ म्हणते की तू दुबळा आहेस, माझ्यासारखं कुणी वळण लावायला नसतं तर तुझ्या हातून काय झालं असतं देव जाणे. थट्टेवारी आहे. पॉइरो तिथेच बसलाय. दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते 'काय झालं असतं' झालेलंच आहे, आणि ती ते त्याच्याच तोंडावर बोलतेय.

मिसेस फेरर्सकडून २०,००० पौंड गेले. डॉक्टर मध्येच सांगून जातो की हाती आलेली वारशाची रक्कम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत घालून बुडवली. पैशाची चणचण आणि लालूच, दोन्ही त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलंय.

सगळ्या गावाच्या घरात काय शिजतंय हे कॅरोलाइनला वासावरून कळायचं. आपल्या चुलीवरचं तेवढं कळलं नाही.

डेव्हनकर | रविवार, दुपारी १२:१५

की कळलं होतं? पिएर बायार नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १९९८ साली या कादंबरीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पॉइरोचा निष्कर्ष चुकीचा आहे, खून कॅरोलाइननेच केला, आणि भावाने तो अंगावर घेतला. मनोविश्लेषणाच्या अंगाने मांडलंय. वाचायला बहार येते, पटलं मात्र नाही.

पाटीवरचा खडू | रविवार, दुपारी १२:५०

म्हणजे निवेदकाच्या शब्दावर विश्वास नाही, गुप्तहेराच्याही नाही, आता लेखिकेच्याही नाही! एडमंड विल्सन नावाच्या अमेरिकन समीक्षकाने १९४५ साली रहस्यकथांवर झोड उठवणारा लेख लिहिला, त्याचं शीर्षकच 'रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला?' असं होतं. पर्वा बरीच आहे म्हणायची. २०१३ साली ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून हिलाच मत दिलं. मी सभासद असतो तर एक मत कमी पडलं असतं. असो.

खिडकीतली | रविवार, दुपारी २:२०

मला शेवट छळतो, आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही.

पॉइरो सगळ्यांना घालवून देतो, डॉक्टरला एकटा थांबवतो आणि सांगतो की सकाळी इन्स्पेक्टरला खरं कळेल. पण तुमच्या बहिणीसाठी मी दुसरा मार्ग मोकळा ठेवतो. म्हणजे रात्रीत औषध घ्या. डॉक्टर रात्रभर बसून शेवटचं प्रकरण लिहितो. त्यात त्याला ॲक्रॉइडबद्दल फारसं काही वाटत नाही. मिसेस फेरर्सबद्दलही नाही. एकच इच्छा, कॅरोलाइनला कळू नये. ती त्याच्यावर माया करते आणि ती मानी आहे. पॉइरो आणि इन्स्पेक्टर दोघं मिळून निभावून नेतील, असा त्याला भरवसा आहे.

आता सांगा, किंग्ज ॲबटमध्ये हे निभेल? राल्फ निर्दोष म्हणून बाहेर येणार. मग खुनी कोण, हे गाव विचारणार नाही? आणि त्याच आठवड्यात डॉक्टर 'चुकून' झोपेचं औषध जास्त घेऊन गेला, मिसेस फेरर्ससारखाच? दोन अधिक दोन करायला मिस गॅनेटला किती वेळ लागेल?

औषधी | रविवार, दुपारी २:४५

माहजाँगचा एक डाव.

डेव्हनकर | रविवार, दुपारी ३:१०

आमच्या दुकानातल्या आजींना त्याहून कमी.

कोपऱ्यातला दिवा | रविवार, दुपारी ३:३५

मला वाटतं डॉक्टरलाही ते माहीत आहे. तो म्हणतो ना, सगळ्यात जास्त भीती मला कॅरोलाइनचीच होती. तो आपल्याशी पूर्णविरामांनी खोटं बोलत आला आणि शेवटी तेच स्वतःशी करतो.

माजघर, आईंना विचारा ना. त्यांचा निकाल काय?

माजघर | रविवार, सायंकाळी ५:२०

शेवटचं प्रकरण आजच दुपारी वाचून संपवलं, मुद्दाम तुमच्या प्रश्नासाठी थांबले होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती, ते घातले. डोळे मिटूनच पडली होती. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, "काका गेले तेव्हा काकूला लोकांनी काय काय सांगितलं त्यांच्याबद्दल. चांगलंच सांगितलं. कुणाची फी घेतली नव्हती, कुणाला रात्री पुरातून जाऊन बघितलं होतं. काकूला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणायची, पन्नास वर्षं ज्या माणसाला वाढलं तो मला गावाने तेराव्याला दाखवला."

मी म्हटलं, आणि कॅरोलाइनला?

"सकाळी दूधवाला येतो ना तिच्याकडे?" आई म्हणाली. "तोच सांगेल."